तपकिरी बाटलीवरची मोडी

आमच्या गाडीला काय पाजायचं हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि त्याच माणसाची वाचा गेली.

तो माणूस म्हणजे अप्पा, माझे वडील. गुरांचे डॉक्टर. इकडं तमिळ मुलखात चोळपुरमपासून साक्कोट्टैपर्यंतची गाईगुरं त्यांनी तीसेक वर्षं एकाच गाडीतून फिरून तपासली. गाडी माझ्याहून दोन वर्षांनी धाकटी, म्हणजे तिचीही पन्नाशी उलटलेली. करड्या रंगाची, जाड पत्र्याची, दार लावलं की शेजारच्या घरात कळावं असा आवाज करणारी. अप्पांची नोकरी संपली, आई गेली, भाऊ पुण्यात स्थायिक झाला, आणि मेलकावेरीतल्या आमच्या घरात अप्पा, मी आणि गाडी असे तिघे उरलो. मी लग्न केलं नाही. का, ते इथं सांगायचं कारण नाही.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी अप्पांच्या हातातून कॉफीचा पेला निसटला. उजवा हात, उजवा पाय आणि सगळी भाषा एका झटक्यात गेली. घरातली मराठी गेली, बाहेरची तमिळ गेली, अक्षरंही गेली. वर्तमानपत्र हातात दिलं तर उलटंच धरून बसत. उरला एक ‘हं’ आणि डावा हात. समज मात्र शाबूत होती, हे मी छातीठोक सांगते. पटलं तर मान हलवत, नाही पटलं तर डावा हात झटकत. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, यांच्या मान हलवण्यावर फार विसंबू नका. मी मनात म्हटलं, तुम्हाला काय ठाऊक! गाडीच्या बाबतीत त्यांची मान कधी चुकायची नाही.

संध्याकाळचे पाच वाजले की ते स्वतःहून काठी पुढं करत. मी त्यांना धरून गाडीत डाव्या बाजूला बसवायची. गावातून बाहेर पडून साक्कोट्टैचं शिवाचं देऊळ, तिथं बाहेरूनच नमस्कार, आणि परत. पाऊण तासाची फेरी. त्या पाऊण तासात ते पुन्हा डॉक्टर होत. कोपर खिडकीबाहेर, डोळे रस्त्याकडेच्या गाईंवर, कान इंजिनावर. चेहरा असा निवलेला असे की मला रडू यायचं. उरलेला दिवस ते भिंतीकडं बघत काढत. ती फेरी सोडली तर अप्पांकडे जगण्याजोगं काही राहिलं नव्हतं, आणि गाडी चालती ठेवणं आता माझ्या एकटीच्या गळ्यात होतं. भाऊ फोनवर म्हणायचा, “विकून टाक ते धूड, नवी घे.” नव्या गाडीत अप्पांनी कान कशाला लावावा, सांगा बरं?

पहिल्या वर्षी इंजिन ऑइल बदलायची वेळ आली. मी एका मोठ्या दुकानात गेले. दुकानदारानं चकचकीत डबा पुढं केला. पूर्ण सिंथेटिक, पाण्यासारखं पातळ, सगळ्यात भारी. बापासाठी घ्यायचं तर सगळ्यात भारी घ्यावं, एवढीच माझी अक्कल. आठवड्याभरात गाडी जागोजाग गळायला लागली. मी पहाटे काढलेल्या कोलमवर, म्हणजे आमच्या दारच्या रांगोळीवर, दुपारपर्यंत काळं थारोळं. वर इंजिनात टकटक सुरू झाली, आणि ती ऐकून अप्पांनी डाव्या हातानं डॅशबोर्डवर असे दणके घातले की मी गाडी बाजूला घेतली.

चोळपुरमच्या वाटेवर एक मेकॅनिक आहे, चाळिशीचा, हात काळे आणि बोलणं थोडं. त्यानं नुसतं वाकून पाहिलं आणि तमिळमध्ये म्हणाला, “अक्का, म्हाताऱ्या माणसाला कोणी असलं पाजतं?” मग समजावलं. जुन्या इंजिनात झीज होऊन फटी रुंदावलेल्या असतात, तेल अडवणारे सील बुचाचे नाहीतर दोराचे असतात. त्यांना घट्ट तेल लागतं, साधं खनिज तेल, वीस-पन्नास नंबरचं. पातळ तेल वाट काढून बाहेर येतं. शिवाय ते आतला वर्षानुवर्षांचा मळ धुऊन टाकतं, आणि कित्येक गळत्या त्या मळानंच बुजवून धरलेल्या असतात. त्यानं घट्ट तेल भरलं, दोन सील बदलले, टकटक थांबली. अप्पांनी मान हलवली.

मी कानाला खडा लावला. दुकानाचं ऐकायचं नाही, अप्पांचंच ऐकायचं. चुकीचा धडा इतक्या मन लावून मी आयुष्यात दुसरा शिकले नसेन.

अप्पांचं म्हणणं होतं बाटल्यांत. गाडीच्या शेडमध्ये एका फळीवर गुरांच्या औषधांच्या तपकिरी काचेच्या बाटल्या रांगेनं उभ्या. कंपनीचा डबा घरात आला की ते तेल बाटलीत ओतत आणि डबा टाकून देत, कारण डब्यावरच्या फुशारक्या त्यांना वाचवत नसत. गिअरबॉक्सला नव्वद नंबरचं तेल, पण तीव्र गंधकवालं नव्हे. आत पितळेच्या कड्या असतात आणि ते तेल पितळ खातं. “पितळेच्या गांवांत राहून पितळ खाणारें तेल घालतां?” असं ते धडधाकट असताना पाहुण्यांना विचारून हसत, कारण आमचं गाव पितळेच्या भांड्यांचं. रेडिएटरला गच्चीवर साठवलेलं पावसाचं पाणी. “बोअरचें नक्को, खार धरतें.” हे एवढं ऐकून ऐकून मला येत होतं. बाकीचं बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांत आणि गाडीच्या खणातल्या एका जाड वहीत होतं.

चिठ्ठ्या आणि वही, दोन्ही मोडीत.

आमची मराठी तंजावरकडची, तीनशे वर्षांमागं इकडं आलेल्या लोकांची. पुण्याची वहिनी ती ऐकून तोंडावर पदर घेते. घरात बोलायला मराठी, बाहेर तमिळ, आणि हिंदीच्या परीक्षा दिल्यामुळे देवनागरी वाचता येते. मोडी मात्र आमच्या पिढीत कोणाला येत नाही. अप्पांना त्यांच्या वडिलांनी शिकवली होती. दवाखान्यातला कंपाउंडर कपाटातल्या बाटल्या उचलतो म्हणून त्यांनी खासगी वस्तूंवर मोडीत लिहायला सुरुवात केली, आणि पुढं ती सवयच झाली.

आता ते सांगते जे कोणालाच सांगितलेलं नाही.

मी दहा वर्षांची असताना अप्पांनी मला मोडी शिकवायला घेतली. दर शनिवारी सकाळी. आधी कागदावर आडवी रेघ ओढायची, मग तिच्याखाली हात न उचलता अक्षरं सोडत जायची. शब्दांत जागा नाही, कुठं एक संपतो आणि कुठं दुसरा सुरू होतो ते आपण ओळखायचं. मला त्या गुंत्याचा मनापासून तिटकारा. बाहेर पोरी खेळत असायच्या. घरात पणजोबांचं एक जुनं पत्र होतं, अप्पा ते पुन्हा पुन्हा वाचून दाखवत. मी ते ऐकून पाठ केलं. एकदा तंजावरहून एक वयस्कर पाहुणे आले, अप्पांनी पत्र माझ्यापुढं ठेवलं, आणि मी ओळींवरून बोट फिरवत घडाघडा म्हणून दाखवलं. एक अक्षर अडलं नाही. अडणार कशाला, मी वाचत कुठं होते! पाहुण्यांनी खिशातलं पेन काढून मला दिलं. अप्पांचे डोळे भरले. त्या दिवसापासून शनिवार बंद झाले, कारण लेकीला येतं. मी सुटले.

पुढं वाचा जाईपर्यंतची चाळीसेक वर्षं ते येईल त्याला सांगत, माझी लेक मोडी वाचते. आणि मी मान खाली घालून बसत असे. लोकांना तो विनय वाटायचा.

मागच्या उन्हाळ्यात ब्रेकचं तेल कमी झालं. बॉनेटखाली एक लहान कुपी असते, तिच्यातली पातळी खुणेच्या खाली गेली होती. फळीवर सारख्याच दिसणाऱ्या दोन बाटल्या उरल्या होत्या. तपकिरी काचेतून आतला रंग कळेना, उघडून पाहिलं तर दोन्हींत पातळ आणि स्वच्छ. चिठ्ठ्या वेगवेगळ्या. मी अप्पांना अंगणात खुर्चीवर बसवलं आणि खणातून वही काढली.

एका पानावर त्यांनी पायाखालच्या ब्रेकचं चित्र काढलेलं. त्या पानावर एका शब्दाखाली दोन रेघा मारलेल्या. मी एकेक बाटली त्या शब्दाशेजारी धरून आकार जुळवले. दुसऱ्या बाटलीवरचा शब्द हुबेहूब तोच. मला हायसं वाटलं. दोन रेघा मारल्यात म्हणजे महत्त्वाचं, म्हणजे हेच घालायचं.

तेवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं, मेकॅनिककडं गेले असते. पण अप्पा माझ्याकडं बघत होते. किती दिवसांनी त्यांच्या तोंडावर उत्सुकता होती, लेक आपली वही वाचतेय म्हणून! मी वही त्यांच्यापुढं धरली, ओळींवरून बोट फिरवलं, दहा वर्षांची असताना फिरवलं होतं तसंच, ओठ हलवले आणि म्हटलं, “हेंच ना अप्पा? तुम्ही लिहिलेंय तसेंच.” आणि बाटली दाखवली.

त्यांनी बाटलीकडं पाहिलंसुद्धा नाही. माझ्या बोटाकडं पाहिलं आणि मान हलवली.

एक वाक्य होतं. मज मोडी येत नाही, अप्पा. चार शब्द. चौपन्न वर्षांची घोडी मी, तरी ते तोंडातून निघालं नाही. मी बाटली ओतली.

तीन दिवस काही झालं नाही. चौथ्या दिवशी गाडी जड वाटायला लागली, जसं कोणी मागून धरून ठेवलंय. मला वाटलं टायरमध्ये हवा कमी असेल. अप्पांनी डावा हात झटकला. मी म्हटलं, “परतताना हवा भरूं.” साक्कोट्टैच्या अलीकडं कालव्यावर पूल आहे, त्याच्या चढावर पुढच्या चाकांतून जळका वास आला, पाठोपाठ धूर. पुलावरून खाली उतरताना रस्त्यात एक गाय वासराला घेऊन उभी. मी ब्रेक दाबला. पाय सरळ तळाला गेला, खाली काहीच नव्हतं.

मी सुकाणू फिरवलं. गाय वाचली, वासरू वाचलं. गाडी वैरणीच्या ढिगात शिरली आणि ढिगाआडच्या मैलाच्या दगडावर आदळली. अप्पांचं कपाळ डॅशबोर्डवर आपटलं. अय्यो, तो आवाज! मी हाका मारत त्यांच्याकडं वळले. भुवईतून रक्त वाहत होतं, पण त्यांना त्याचं भान नव्हतं. चाकांतला धूर बघत होते. मग त्यांनी डावा हात उचलला आणि समोरच्या खणावर ठेवला, वहीच्या खणावर.

कपाळाला चार टाके पडले. गाडी मेकॅनिकनं ओढून नेली. दोन दिवसांनी त्यानं मला बोलावलं आणि माझ्या तळहातावर एक रबराची वाटी ठेवली, ब्रेकच्या आतली. भिजवलेल्या चण्यासारखी फुगलेली, नखानं दाबली की रुतायची.

“अक्का, ब्रेकमध्ये काय घातलंत?”

मी बाटली पुढं केली. त्यानं पाण्याचा पेला घेतला आणि बाटलीतला एक थेंब आत टाकला. थेंब पाण्यावर तरंगत राहिला.

“हे गाडी उचलायच्या जॅकचं तेल,” तो म्हणाला. “खनिज तेल. ब्रेकचं तेल पाण्यात मिसळून जातं, हे वर राहतं. खनिज तेल लागलं की ही रबरं फुगतात. आधी ब्रेक धरून बसतो, मग सुटतोच. पेलाभर पाण्यात कळलं असतं.” मग त्यानं अप्पांबद्दल विचारलं, “अय्यांनी लिहून ठेवलं नव्हतं का?”

मी म्हटलं, “नव्हतं.” म्हणजे तिथंही मी खोटंच बोलले, आणि दोष बापाच्या माथी मारला. जीभ झडली नाही माझी.

त्यानं सगळी रबरं बदलली, नळ्या धुतल्या, सीलबंद डब्यातलं ब्रेक ऑइल भरलं. दहा दिवसांत गाडी अंगणात उभी राहिली, पहिल्यापेक्षा चांगली. पाच वाजता मी दार उघडून हाक मारली, “अप्पा, चला.” ते दारापर्यंत आले. चौकट धरली आणि सोडेनात.

मला वाटलं गाडीला भ्याले. मग वाटलं मला भ्याले. दुसऱ्या दिवशी वही केराच्या डब्यात सापडली. मी पुसून खणात ठेवली. परत केरात. लंगडत, भिंत धरत गाडीपर्यंत जाऊन त्यांनी ती पुन्हा काढून टाकली होती. तिसऱ्यांदा मी त्यांना टाकताना पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, लाज होती. लेकीनं वहीत लिहिलं होतं तसंच केलं आणि गाडी ठोकली, म्हणजे वहीच चुकली. म्हणजे आपणच चुकीचं लिहिलं. आपल्याला जे येतं असं वाटत होतं तेही खरं नव्हतं. माझ्यावर रागावले असते तर मी सुखानं सोसलं असतं हो. ते स्वतःवर रागावले होते.

त्यानंतर ते कशालाच मान हलवेनात. इडली दाखवली तरी नाही, रसम दाखवलं तरी नाही. तोंडात घालेन ते गिळत. पाच वाजता मी इंजिन सुरू करून ठेवायची, कानावर तरी पडू दे म्हणून. ते कूस बदलत आणि तोंड भिंतीकडं करत.

मी मोडी शिकायला बसले. भावाकडून पुण्याहून बाराखडीचं पुस्तक मागवलं, कशासाठी ते सांगितलं नाही. दुपारी अप्पा झोपले की स्वयंपाकघरात ओट्यावर वही उघडून एकेक अक्षर लावायची. चार महिने गेले. या वयात अक्षरं डोक्यात राहत नाहीत, कालचं आज पुसलेलं असतं. पण ब्रेकचं ते पान अखेर मला लागलं. दोन रेघांचा शब्द होता ‘जॅक’. आणि त्याच्यापुढं, ‘जॅकाचें तेल ब्रेकांत कदापि घालूं नये. संशय आल्यास पाण्यांत थेंब टाकून पाहावा. तरंगला तर ब्रेकाचें नव्हे.’

अप्पा चुकले नव्हते. सगळं धडधडीत लिहिलं होतं. एवढं तरी त्यांना कळायलाच हवं, दुसरं काही नको. मी त्याच दिवशी पाच वाजता वही घेऊन त्यांच्या पलंगावर बसले. म्हटलं, “अप्पा, तुम्ही बरोबर लिहिलें होतें. ऐका, वाचतों.” आमच्याकडं बायकाही ‘वाचतों’ म्हणतात, वहिनी त्यालाही हसते.

मी ओळीवर बोट ठेवलं आणि वाचायला लागले. जॅ. जॅका. जॅकाचें. तेल. ब्रे, ब्रेकां. मागं जायची, पुन्हा यायची. ‘कदापि’पाशी अडले, उच्चारून पाहिलं, चुकलं, पुन्हा लावलं. मला एकच घाई होती, त्यांनी ऐकावं, मान हलवावी. पाण्याचा थेंब आला तेव्हा त्यांनी खरोखरच मान हलवली, पाच महिन्यांनी पहिल्यांदा. माझ्या पोटात आनंद मावेना. मी तशीच पुढच्या ओळीवर गेले, खालच्या टोकाला बारीक लिहिलेल्या. ती मी आधी लावून पाहिली नव्हती.

“हें. हें अस. असकें. मो, मोडीं. मोडींत. लिहि. लिहिलें.” ‘असकें’ म्हणजे आमच्या बोलीत सगळं. “का. कारण. लेक. माझी लेक…”

पुढचा शब्द मला लागेना. वा होता, मग च, मग काहीतरी वळलेलं. मी बोट त्याच्यावर धरून ठेवलं, ओठ हलवले, पुन्हा ‘वा’पासून सुरुवात केली. आणि मग शब्द लागला. ‘वाचते.’

मी मान वर केली. अप्पा वहीकडं बघत नव्हते. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी पाहुण्यांसमोर बसले होते तसे ते माझ्या बोटाकडं बघत होते, आणि डोळे तसेच भरलेले होते. पोरगी पहिल्यांदा मोडी वाचतेय हे ओळखायला त्यांना भाषा लागत नव्हती. तो त्यांचा शनिवारचा उद्योग होता, शिकाऊ पोर कुठं कुठं अडतं हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक?

“अप्पा,” मी म्हटलं.

त्यांनी डाव्या हातानं माझं बोट धरलं, त्या शब्दावरून उचललं आणि माझ्या मांडीवर ठेवून दिलं. मग वही मिटली.